न आवरणारा दमा आणि वस्तीतला दवाखाना

मृग नक्षत्र लागले की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि कित्येक दमेकऱ्यांचे हैदराबादकडे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तेलुगू पंचांगातील मृगशिरा कार्तीच्या मुहूर्तावर, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानात बत्तिनी गौड घराण्याकडून माशाचा प्रसाद वाटला जातो. वनस्पतींचा पिवळा लगदा दोन-तीन इंच लांबीच्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात भरावयाचा आणि तो मासा रोग्याने तसाच गिळावयाचा, अशी ही रीत. मासा न खाणाऱ्यांना लगदा गुळातून देतात. 1845 साली एका साधूने आपल्या पूर्वजाला ही कृती दिली, असे ते घराणे सांगते. ते प्रसादाचे पैसे घेत नाही आणि कृतीही उघड करीत नाही. करोनाच्या साथीमुळे 2020 ते 2022 अशी तीन वर्षे खंड पडला. 2023 साली मैदान पुन्हा भरले. तेलंगण, आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र आणि थेट उत्तर हिंदुस्थानातून माणसे येतात व लहान मुलांना खांद्यावर घेऊन तासन् तास रांगेत उभी राहतात.

ह्या प्रसादाने दमा बरा होतो, असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. पण रांगेतल्या माणसाची थट्टा करण्याचे कारण नाही. तो बहुधा चार-पाच दवाखाने पालथे घालून आलेला असतो. रात्री उशाला तीन उश्या लावून, खिडकीशी बसून पहाट केलेली असते. आणि ‘तुमचा दमा औषधाला जुमानत नाही’, असे कोणीतरी त्याला सांगितलेले असते. हे वाक्य कितपत खरे आहे, हाच विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

नेदरलँड्समध्ये ह्या प्रश्नाची मोजदाद झाली आणि ती 2015 साली प्रसिद्ध झाली. शंभर प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे सतरांचा दमा भारी औषधे लिहून दिलेली असूनही आटोक्यात नव्हता. परंतु त्यांपैकी पंप नीट घेणारे आणि नियमाने घेणारे निवडून काढल्यावर खरोखरी हट्टी म्हणावा असा दमा शंभरांत तीन-चारांचाच उरला. बाकीच्यांचा रोग हट्टी नव्हता. त्यांच्यापर्यंत औषध पोचलेच नव्हते. आपल्याकडील स्थिती अधिक चिंताजनक आहे. 2019 सालच्या जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत; दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा 40 टक्क्यांहून अधिक आहे.

असे का व्हावे? दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, आणि त्या सुजेमुळे धूळ, धूर, थंडी, पडसे अशा क्षुल्लक निमित्ताने नळ्या आवळतात. आवळलेली नळी सैल करणारे साल्ब्युटामॉल 1969 साली बाजारात आले. सूज उतरविणारे, श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड 1972 साली. पहिल्याचा गुण पाच मिनिटांत दिसतो. दुसऱ्याचा गुण यावयास दिवस, आठवडे लागतात आणि तो आला तरी ‘आला’ असे जाणवत नाही. धाप लागली नाही, एवढेच. साहजिकच रोगी पहिल्यावर प्रेम करतो आणि दुसरे बंद करतो. सूज आतल्या आत वाढत राहते. ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची चौकशी होऊन 2014 साली तिचा अहवाल आला. ज्यांच्या आरामाच्या पंपांची नोंद सापडली अशा 165 मृतांपैकी 65 जणांना अखेरच्या वर्षात बाराहून अधिक पंप लिहून दिलेले होते. महिन्याला एक पंप संपतो, ही धोक्याची घंटा त्या दवाखान्यांतून कोणाला ऐकू आली नाही. पुढे 2019 साली दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनाने प्रौढांना व मोठ्या मुलांना नुसता साल्ब्युटामॉलवर ठेवण्याची शिफारस काढून टाकली. सूज उतरविणारे औषध प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, असे ठरले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती शब्दाची आहे. तेलुगूत ‘उब्बसम्’, उर्दूत आणि मराठीत ‘दमा’; कोणत्याही भाषेत उच्चारला तरी घर हादरते. मुलगी लग्नाची असेल तर विचारावयासच नको. डॉक्टरही मग ‘ॲलर्जी आहे’, ‘छातीत कफ आहे’ असे म्हणून वेळ मारून नेतात. रोगाचे नावच ठाऊक नसलेल्या माणसाने धाप नसताना रोज औषध का घ्यावे? पंपाची सवय लागते, पंप हा अखेरचा उपाय, हा गैरसमजही ह्याच लपवाछपवीतून पोसला जातो. गंमत अशी की पंपाला भिणारा हाच माणूस स्टेरॉइडच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून बिनदिक्कत आणतो. पंपातील मात्रा मायक्रोग्रॅमची आणि थेट फुप्फुसात जाणारी; गोळीतील मात्रा त्याहून कितीतरी मोठी आणि सर्वांगात भिनणारी. वर्षानुवर्षे घेतलेल्या अशा गोळ्यांनी मधुमेह होतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो.

2018 सालापासून हैदराबादेत बस्ती दवाखाने निघाले. अशा दवाखान्यात, किंवा गल्लीतल्या कोणत्याही डॉक्टरपाशी, मोठी यंत्रे नसतात. पण न आवरणाऱ्या दम्याचा बहुतेक उलगडा तेथेच होऊ शकतो. समजा, सुलतान बाजाराच्या बाजूची एक पन्नाशीची गृहिणी आली. डॉक्टरने लगेच औषध वाढवू नये. ‘मावशी, पंप आणला आहे का? घेऊन दाखवा पाहू,’ असे म्हणावे आणि स्वस्थ पाहत राहावे. ती पंप हलविणार नाही. श्वास आत घेऊन झाल्यावर दाबील, आणि औषधाचा ढग तोंडातून बाहेर येईल. भुकटीची कॅप्सूल यंत्रात घालण्याऐवजी पाण्याबरोबर गिळणारेही रोगी असतात! फवाऱ्याचा पंप हळू आणि खोल श्वासाबरोबर घ्यावयाचा; भुकटीचा जोराने आणि झपाट्याने ओढावयाचा. दोन्ही घरात असले की हमखास घोटाळा होतो. त्यानंतर दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावयाचा, आणि स्टेरॉइड असेल तर चूळ भरून टाकावयाची. हे एकदा सांगून भागत नाही. प्रत्येक भेटीस पुन्हा पाहावे लागते, कारण शिकविलेले महिन्या-दोन महिन्यांत विसरते.

मुलांना आणि वृद्धांना पंप व श्वास यांचा मेळ साधत नाही. त्यांच्यासाठी मध्ये एक पोकळ नळकांडे लावतात. ते परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हेदर झार यांनी 1999 साली दाखवून दिले की अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटलीही तेच काम करते. तापविलेल्या तारेने बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडावयाचे, पंप घट्ट बसवून फट बुजवावयाची आणि मुलाने बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यावयाचा. साबणाच्या पाण्याने धुऊन ती न पुसता वाळू द्यावी.

मग चार प्रश्न विचारावेत. घरात कोण विडी ओढते, अगरबत्ती व डासांची कॉइल किती जळते? धंदा कोणता? लाड बाजारातला लाखेच्या बांगड्यांचा कारागीर दिवसभर निखाऱ्यापाशी बसतो. त्याचा पंप वाढवून निखारा तसाच ठेवणे निरर्थक आहे. गच्चीवर कबुतरे आहेत का? त्यांच्या विष्ठेने व पिसांच्या भुकटीने फुप्फुसाचा एक निराळाच आजार होतो आणि त्यावर दमा म्हणून उपचार चाललेले असतात. दुसरी औषधे कोणती चालू आहेत? रक्तदाबाच्या काही गोळ्या, इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंबदेखील दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकतात. आणि हा दमाच आहे ना? क्षय, हृदयाचा अशक्तपणा, तंबाखूच्या वा चुलीच्या धुराने खराब झालेली फुप्फुसे, सर्वांची धाप वरवर सारखीच. फुंकर मोजण्याचे साधे यंत्र टेबलावर असले, आरामाचे औषध देण्यापूर्वी व नंतर फुंकर मोजली, तर निदानाचा निम्मा संशय तेथेच फिटतो.

एवढे करून दोन-तीन महिन्यांतही रात्रीची धाप जात नसेल, किंवा वर्षात दोनदा स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागल्या असतील, तर तो रोगी खुशाल एर्रागड्ड्याच्या छातीच्या सरकारी रुग्णालयात किंवा पंजागुट्ट्याच्या निजाम संस्थेत पाठवावा. अशा मोजक्या रोग्यांसाठी ओमालिझुमॅबसारखी नवी इंजेक्शने निघाली आहेत. ती फार महाग आहेत. म्हणूनच ज्यांचा केवळ पंप चुकत होता त्यांना वगळल्याशिवाय तिकडे वळू नये.

प्रसादाला जाणाऱ्याने जावे की न जावे, हा त्याच्या श्रद्धेचा भाग. दमा मुळातच चढ-उताराचा रोग आहे. धाप ओसरावयाच्या वेळी जे केलेले असते त्यास यश मिळते. धोका आहे तो त्यानंतरच्या 45 दिवसांच्या पथ्यात रोजचा पंप बंद ठेवणाऱ्याला. शिवाय ते दिवस पावसाळ्याचे, ओल आणि बुरशीचे. गावी परतताना त्याच्या पिशवीत पंप असावा आणि पंपाबरोबर डॉक्टरने त्याला वाचता येईल अशा भाषेत, तेलुगूत, उर्दूत वा मराठीत, लिहिलेला एक कागद असावा: रोज कोणते औषध किती वेळा, धाप वाढली तर काय वाढवावयाचे, आणि एक वाक्य पुरे बोलता येईनासे झाले किंवा ओठ निळे दिसू लागले, तर आरामाचा पंप नळकांड्यातून चार ते दहा वेळा, दर वीस मिनिटांनी, घेत घेत तडक रुग्णालय गाठावयाचे, सकाळ होण्याची वाट पाहावयाची नाही.