भातखाचरातील शेवाळ आणि भाताचे हिरवे पान
(गुंजवणे परिसरातील भात उत्पादकांसमोर केलेले भाषण)



राजगडाच्या पायथ्याच्या या खाचरांत लावणीनंतर पाणी साचले की त्यावर निळे-हिरवे शेवाळ धरते. त्यातील काही जाती हवेतील नत्र स्थिर करून भाताला देतात, हे डॉ. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखविले. पण या शेवाळाचे भाताशी त्याहून जुने नाते आहे. भाताच्या पानात अन्न तयार करणारी हरितलवके ही १०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून तेथेच राहिलेल्या अशाच शेवाळाचे वंशज होत.

मूळ एक असले तरी अवजारे मात्र बदलली. प्रथिने बनविण्यासाठी पेशीत अमिनो आम्ले वाहून आणणारे छोटे आरएनए लागतात. त्यांचे जादा टोक छाटणाऱ्या विकरास आरएनेझ-पी म्हणतात. विकर म्हणजे प्रथिनच, असा पूर्वी समज होता. जिवाणूंमध्ये ही छाटणी आरएनए स्वतः करतो, हे सिडने ऑल्टमन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सिद्ध केले. त्याबद्दल ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक थॉमस चेक यांच्यासमवेत मिळाले.

निळ्या-हिरव्या शेवाळात हे आरएनएचे विकर आजही आहे. काही लाल शेवाळांच्या लवकांतही त्याचा जनुक टिकून आहे. परंतु पालकाच्या हरितलवकातील विकरात आरएनए नसल्याचे पुरावे १९८८ मध्ये मिळाले. पुढे २०१० मध्ये मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीत हे काम करणारे निव्वळ प्रथिनाचे विकर सापडले. त्याचा जनुक लवकात नसून पेशीच्या केंद्रकात असतो. म्हणजे नवे अवजार घरधन्याने पुरविले. लाकडी नांगर जाऊन लोखंडी आला, नांगरट तीच राहिली.

प्रकाशातून अन्न बनविण्याची मूळ यंत्रणा मात्र दोघांत सारखीच राहिली. म्हणून ॲट्राझीन, डायुरॉन यांसारखी ती यंत्रणा बंद पाडणारी तणनाशके तणाबरोबर शेवाळालाही मारतात. मोरचूदही शेवाळाला घातक आहे. तेव्हा लावणीनंतर सुमारे आठवड्याने हेक्टरी १० किलो शेवाळ खत टाकणार असाल, तर खाचरात पाणी राखा आणि कोणतेही तणनाशक घेण्यापूर्वी ते वनस्पतीची कोणती क्रिया थांबविते, हे कृषी अधिकाऱ्यांना अवश्य विचारा. तण मारताना नत्र देणारा हा सोबती मरू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.