गव्हाचं जहाज आणि दूरची लढाई

(घाटंजी येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



विषय ठरला तेव्हा दोघीतिघींनी विचारलंच, की दारू, रेशन, कापसाचा भाव हे सगळं सोडून अमेरिका आणि व्हिएतनाम कशाला? मी म्हटलं, रेशनचंच बोलायचं आहे.

१९६५ आणि ६६ अशी लागोपाठ दोन वर्षं देशात पावसानं दगा दिला. शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, ते याच काळात. तेव्हा अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली गहू येत होता, आणि त्याचे पैसे रुपयांत देता येत. १९५४ सालचा हा कायदा म्हणजे दानधर्म नव्हता. तिकडे कोठारं भरून भाव पडत होते, तो माल खपवायचा होता. शिवाय उपाशी देश कम्युनिस्टांकडे झुकतील ही धास्ती होतीच. १९५६ च्या करारात गव्हासोबत कापूसही आला. कापूसवाल्या घाटंजीनं हे ऐकून ठेवावं.

१९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. आणि नेमकं तेव्हाच अध्यक्ष जॉन्सन यांनी दोर आखडला. मोठा करार करायचा नाही, थोडं थोडं धान्य मंजूर करायचं आणि पुढच्यासाठी ताटकळत ठेवायचं. शेतीचं धोरण बदला, ही अट होती. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसातला गेला. जुलैत इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरचा बॉम्बवर्षाव थांबवा असं जाहीरपणे म्हटलं, आणि जॉन्सन संतापले. मंजुऱ्या आणखी रखडल्या. जहाज बंदराला लागेल तेव्हा दुकानात गहू! त्या दुकानापुढच्या रांगेत पिशवी घेऊन कोण उभं होतं, हे मी सांगायला हवं का?

आपला एकही सैनिक त्या लढाईत नव्हता, तरी तिची झळ चुलीपर्यंत आली.

आता अमेरिका त्या लढाईत शिरली कशी? एका रात्रीत नाही. १९५४ मध्ये फ्रेंच हरले. जिनिव्हात ठरलं की व्हिएतनामचे तात्पुरते दोन भाग करायचे आणि १९५६ मध्ये निवडणूक घ्यायची. करार पाळला जातो का हे पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. निवडणूक झालीच नाही, कारण हो चि मिन्ह जिंकतील ही भीती. एक देश कम्युनिस्ट झाला की शेजारचे एकामागून एक पडतील, असं आयसेनहॉवर सांगत होते. आधी पैसा गेला, मग शस्त्रं, मग ‘सल्लागार’. १९६३ च्या अखेरीस हे सल्लागार सोळा हजार झाले होते! ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असं सरकारनं सांगितलं. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. पण तोवर प्रतिनिधीगृहानं ४१६ विरुद्ध शून्य मतांनी अध्यक्षांना मोकळीक दिली होती. सिनेटमध्ये विरोधी मतं फक्त दोन. १९६९ मध्ये तिथे पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते.

एवढ्या शिकलेल्या देशात कुणी ‘का?’ विचारलं नाही? विचारणाऱ्याला शिक्का बसायचा, कम्युनिस्टांना सामील! चीन जाणणारे अधिकारी तर मॅकार्थीच्या काळातच खात्यातून घालवले होते. मजुरी मागणाऱ्या बाईला नक्षलवादी ठरवणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा ही रीत आपल्याला नवी नाही.

पण बायकांनी विचारलं. ‘विमेन स्ट्राइक फॉर पीस’ ही १९६१ मध्ये अणुचाचण्यांविरुद्ध उभी राहिलेली गृहिणींची संघटना. डिसेंबर १९६२ मध्ये संसदेच्या समितीनं त्यांना जाब विचारायला बोलावलं, तुमच्यात कम्युनिस्ट किती? बाया लेकरं कडेवर घेऊन, फुलं घेऊन गेल्या. समितीचंच हसं झालं. पुढे त्याच व्हिएतनामसाठी रस्त्यावर आल्या. जानेवारी १९६८ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात पुढे होत्या ८७ वर्षांच्या जेनेट रँकिन, दोन्ही महायुद्धांत उतरण्याविरुद्ध संसदेत मत देणाऱ्या. गांधीजींच्या विचारांसाठी त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या होत्या. आणि १९७३ मध्ये पॅरिसच्या तहावर दक्षिणेतल्या क्रांतिकारकांच्या वतीनं सही केली ती एका बाईनं, न्गुएन थि बिन्ह यांनी.

अमेरिकेचे ५८ हजार सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं लाखांनी मेली. १९६१ ते ७१ जंगलांवर आणि पिकांवर विमानांतून विषारी तणनाशक फवारलं. फवारणीचं विष अंगात भिनतं म्हणजे काय, हे २०१७ नंतर यवतमाळ जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. इकडे गव्हासाठी पुन्हा हात पसरायचा नाही म्हणून सरकारनं संकरित बियाणं, खतं, औषधं यांचा धडाका लावला. धान्य वाढलं, हे खरंच. पण फवाऱ्याची सवय आपल्या शेताला लागली ती त्याच धांदलीत, असं मला वाटतं. यावर मतभेद असतील तर जरूर बोला.

जेवणानंतर गट पाडू या. ज्यांनी त्या रांगा पाहिल्या आहेत त्या आजीबाईंना प्रत्येक गटात एकेक बसवा. भाकरीवर वाढलेल्या घरात त्या लाल गव्हाचं काय काय करून खाल्लं, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.