राज्य बदलण्याआधी



एप्रिल-मे आला की आपल्याकडच्या बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणाला एकच विषय असतो. बेंगळूरूहून नाहीतर हैदराबादहून नोकरीचं पत्र आलेलं असतं. पगार चांगला वाढणार असतो. इकडे शाळेची फी भरायची मुदत जवळ येत असते आणि घरात दोन तट पडलेले असतात. एकाला जायचंच असतं, दुसऱ्याचं म्हणणं असतं की इथं काय वाईट चाललंय. मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला जातो. वाढीव पगारातून तिकडचं घरभाडं वजा, गावी येण्या-जाण्याचा खर्च वजा, उरले इतके. हिशेब चुकीचा नसतो, पण तो या निर्णयातला सगळ्यात सोपा भाग आहे. आज बोलायचं आहे ते अवघड भागाबद्दल. राज्याची हद्द ओलांडताना आपल्याबरोबर काय येतं आणि काय मागेच राहतं, याबद्दल.

कायद्यानं पाहिलं तर कुणी अडवत नाही. संविधानाच्या एकोणिसाव्या कलमानं भारतात कुठंही जाण्याचा आणि कुठंही राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तरीही माणसं हद्द ओलांडायला कचरतात. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त माणसं स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. त्यांतली दुसऱ्या राज्यातून आलेली साधारण साडेपाच कोटीच. बाकीची बहुतेक आपापल्या राज्यातच इकडून तिकडे गेली, आणि त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा वाटा फार मोठा. आता तुम्ही म्हणाल, लांब जायला माणूस बिचकणारच. पण गोष्ट फक्त अंतराची नाही. जागतिक बँकेच्या काही अभ्यासकांनी २००१ च्या जनगणनेवरून शेजारशेजारचे जिल्हे ताडून पाहिले. एकाच राज्यातल्या दोन शेजारी जिल्ह्यांत माणसांची जितकी ये-जा होते, ती मध्ये राज्याची सीमा असलेल्या शेजारी जिल्ह्यांपेक्षा निदान दीडपट निघाली. भाषेचा फरक जमेस धरूनही. कोल्हापूरच्या माणसाला बेळगाव पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे, पण मुलाला शिकायला आणि नोकरीला तो पाठवतो पुण्याला. त्या अभ्यासकांनी याची जी कारणं दिली, त्यात शिक्षणातल्या राखीव जागा, सरकारी नोकऱ्या आणि रेशनसारखे हक्क ही ठळक होती. या गोष्टी राज्याच्या हातात असतात, आणि राज्य त्या आपल्या रहिवाशालाच देतं.

शिक्षणाचंच घ्या, कारण सगळ्यात जास्त पालक पोळतात ते इथं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि ८५ टक्के जागा ते राज्य आपल्या मुलांसाठी ठेवतं. आता आपली मुलं कोण, हे प्रत्येक राज्य आपल्या पद्धतीनं ठरवतं. महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे अधिवास लागतो आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. कर्नाटकाचा मुख्य नियम आहे पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा. तेलंगणात नववी ते बारावी अशी सलग चार वर्षं लागतात. या तेलंगणाच्या नियमावर बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

हे तीन नियम शेजारी शेजारी ठेवून बघा. समजा, पुण्यातल्या एका घरातली मुलगी यंदा आठवीत जाणार आहे आणि वडिलांना बेंगळूरूची नोकरी आली आहे. आई-वडील म्हणतात, दोन-तीन वर्षं राहू, नाही जमलं तर परत येऊ. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मुलगी आठवी, नववी, दहावी तिकडे करते. मग आजोबा आजारी पडतात, घर परत पुण्याला येतं, अकरावी-बारावी इथं होते. तोवर मुलीच्या मनानं घेतलेलं असतं की डॉक्टर व्हायचं. कर्नाटकात तिची वर्षं भरली तीन, म्हणून तिकडचा कोटा नाही. महाराष्ट्रात बारावी आहे, पण दहावी बाहेरची, म्हणून इकडचाही नाही. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. राहिल्या त्या देशभरच्या मुलांशी चढाओढ करून मिळणाऱ्या १५ टक्के जागा, नाहीतर डीम्ड विद्यापीठांतल्या, ज्यांच्या फीचा आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. केंद्र सरकारच्या किंवा लष्कराच्या नोकरीत बदली झालेल्यांच्या मुलांना सवलती असतात. खासगी नोकरीवाल्यानं त्या गृहीत धरू नयेत.

म्हणून मी तर सरळ बोटं मोजायला सांगतो. बेंगळूरूला जायचं तर मूल सहावीत किंवा त्याआधी असावं, म्हणजे बारावीपर्यंत सात वर्षं भरतात. हैदराबादला जायचं तर नववीच्या आत. आणि मूल नववीच्या पुढं गेलं असेल तर बारावी होईपर्यंत घर हलवू नये, ज्याची नोकरी आहे त्यानं एकट्यानं जावं. इंजिनीअरिंगला महाराष्ट्राचे नियम जरा सैल आहेत, तिथं आई किंवा वडिलांच्या अधिवासाचाही आधार घेता येतो. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांना असतात, आणि तिथं राज्य धरतात ते बारावी जिथून झाली ते. आयआयटीला यातलं काहीच लागू नाही. हे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऑफिसातल्या मित्राच्या भावाच्या मुलाला काय झालं, यावर घर हलवू नये.

शाळेतल्या भाषेचंही असंच. कर्नाटकानं २०१५ साली, तेलंगणानं २०१८ साली आणि आपण २०२० साली शाळांमध्ये राज्याची भाषा शिकवणं सक्तीचं करणारे कायदे केले. पहिलीतलं पोर कन्नड सहा महिन्यांत उचलतं, शेजारच्या पोरांबरोबर भांडायला लागलं की आपोआप. सातवीतल्या पोराला तीच भाषा परीक्षेला असते तेव्हा रडू येतं. मधेच बाहेरून येणाऱ्या मुलांना काही सूट आहे का, हे प्रवेश घेताना शाळेला विचारून ठेवावं.

आता जातीच्या दाखल्याबद्दल. हा विषय लोक शेवटपर्यंत काढत नाहीत, आणि ज्यांना तो लागू आहे त्यांचं नुकसान मोठं होतं. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यवार असतात. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुलाचं कुटुंब आंध्रातलं, तिथं त्यांची जमात अनुसूचित. वडील नोकरीनिमित्त महाराष्ट्रात आले होते. १९९० साली न्यायालयानं सांगितलं की एका राज्यातला हा दर्जा दुसऱ्या राज्यातल्या सवलतींसाठी आपोआप लागू होत नाही. जातीचं नाव दोन्हीकडे एकच असलं तरीही नाही. केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्राच्या संस्था यांच्यासाठी मूळ राज्याचा दाखला चालतो. पण नव्या राज्याच्या कॉलेजात, तिथल्या सरकारी भरतीत तुमचं मूल खुल्या वर्गात धरलं जातं. हे बरोबर आहे का? मला नाही वाटत. गाव सोडलं म्हणून जात मागे राहत नाही, ती नव्या गावात भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा पहिल्या दारातच भेटते. पण आज कायदा असा आहे, आणि निर्णय घेताना तो माहीत असलेला बरा.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर तोच राहतो. अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य २०२२ पासून देशात कुठल्याही राज्यात घेता येतं. पण राज्याच्या स्वतःच्या योजना हद्दीवरच थांबतात. लाडकी बहीण महाराष्ट्रातल्या बहिणीलाच. कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, तोही तिथल्या रहिवाशांना, आणि कंडक्टर ओळखपत्र बघतो. बेंगळूरूत घरमालकांची दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची जुनी रीत आहे. हल्ली घासाघीस केली की आकडा खाली येतो, पण पुण्याच्या सवयीनं दोन-तीन महिन्यांचे पैसे खिशात घालून गेलात तर पंचाईत होते.

गाडीवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिच्यापायी शांत माणसंही चिडलेली पाहिली आहेत. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्यात तसं कलमच आहे. त्यासाठी आधी इथल्या आरटीओचं ना हरकत पत्र. गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचं. मग तिथला रस्ता कर नव्यानं भरायचा, गाडीच्या वयाप्रमाणे, आणि कर्नाटकाचा कर देशात चढ्या करांपैकी आहे. त्यानंतर इथं भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा परतावा मागायचा, ज्यासाठी पुन्हा इथल्याच कचेरीत खेटे. पुण्याच्या एमएच बारा नंबराचा आपल्याला अभिमान असतो. पण चौकातल्या ट्रॅफिक पोलिसालाही तो लांबूनच दिसतो. जुनी गाडी असेल तर इथंच विकून टाकणं बहुतेकदा स्वस्त पडतं. नवी घेणार असाल आणि कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर २०२१ साली सुरू झालेल्या बीएच मालिकेचा नंबर मिळतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच.

हे सगळं ऐकून वाटेल, मग जाऊच नये की काय. तसं नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली माणसं बघा. दुष्काळी पट्टा, शेतीवर भागत नाही. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा शिकून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. तामिळनाडू, केरळ, आंध्रापासून थेट कोलकात्यापर्यंत, जिथं सराफकट्टा तिथं त्यांची भट्टी. कंपनीनं घर दिलं नाही, की कुणी जाण्याचा खर्च दिला नाही. पण त्यांची जायची रीत पाहण्यासारखी आहे. पोरगा आधी एकटा जातो, तोही अनोळखी गावात नाही. भावकीतल्या किंवा गावातल्या कुणाच्या तरी दुकानात भट्टीशी बसतो, काम आणि तिथली भाषा बरोबरच शिकतो. मुशीतलं सोनं किती तापलं हे डोळ्यांनी ओळखायला लागेपर्यंत गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये भावही करायला लागतो. मग स्वतःचं दुकान, मग बिऱ्हाड. गावची यात्रा आली की सगळे परत. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं सामान बांधणाऱ्याला आधी फोन करतात आणि मग तिकडे ओळखीचं कोण आहे ते शोधतात. विट्याचा माणूस नेमका उलट क्रमानं जातो, आणि मला त्याचा क्रम जास्त पटतो. नोकरी करणाऱ्यानं आधी तीन-चार महिने एकटं राहून बघावं. ऑफिस ते घर हा रस्ता पावसात किती वेळ घेतो, पाण्याचा टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, हे नोकरीच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं, यावर सगळ्यात कमी बोललं जातं, कारण कुणालाच तो विषय काढायचा नसतो. बरोबर नेलं तर दिवसभर बोलायला कोण, हा प्रश्न. त्याहून वाईट वेळ येते दवाखान्यात. पोटात ढवळतंय, भगभगतंय, कळ येतेय, वळ उठलाय, हे सगळं आजी नर्सला कोणत्या भाषेत सांगणार? मुलगा कामावर असताना? शिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना ही आपल्या राज्याची. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर ते देशभर चालतं, ते आधी काढून घ्यावं. मागे ठेवलं तर रात्री-अपरात्री दार ठोठावता येईल असा शेजारी किंवा भाचा नक्की करून, त्याच्याशी तसं स्पष्ट बोलून मग जावं. गृहीत धरू नये.

आणि एक गोष्ट जाण्याआधीच नवरा-बायकोनं बसून ठरवावी. आपण ठरावीक मुदतीसाठी जातोय की कायमचं? मुदतीसाठी असेल तर परतीचं वर्ष मुलाच्या इयत्तेवरून आजच लिहून ठेवा, आणि ते वर्ष आलं की पगारवाढीकडे न बघता परत या. कायमचं असेल तर पहिल्याच वर्षी गाडीचा नंबर बदला, भाषेची शिकवणी लावा आणि मतदारयादीतलं नाव हलवा. त्यासाठी आता नमुना क्रमांक ८ भरायचा असतो, ऑनलाइनही भरता येतो, आणि जुन्या यादीतलं नाव त्यातूनच निघतं. बरीच मराठी माणसं दहा-दहा वर्षं बेंगळूरूत राहून मतदान सातारा नाहीतर नाशिकच्या यादीत ठेवतात, आणि त्या दिवशी रजा नसली की कुठंच करत नाहीत. मग गल्लीतला दिवा बंद पडला, पाणी आलं नाही, तर तिथल्या लोकप्रतिनिधीनं तुमचं का ऐकावं? त्याच्या यादीत तुम्ही नाहीच.