दोन पिस्तुलें आणि एक किंमत

शस्त्रांविषयींचें भाषण एका सेवानिवृत्त शिक्षकाच्या तोंडून ऐकावयाचें, याचें कित्येकांस नवल वाटेल. ज्याचें सारें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, त्यानें पिस्तुलांची चर्चा करावी हें वरवर पाहतां विसंगतच दिसतें. परंतु शस्त्रांचा गौरव करणें हा माझा हेतु नाहीं. मला बोलावयाचें आहे तें निवडीविषयीं. दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या वस्तू जवळजवळ एकाच किंमतीस मिळत असल्या, तर त्यांतील कोणती घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढें व प्रत्येक गृहिणीपुढें वारंवार उभा राहतो. किंमतींत मोठें अंतर असलें म्हणजे निर्णय पुष्कळदां आपोआप होतो. किंमत समान झाली म्हणजे मात्र खरी पंचाईत होते. या प्रश्नाचें एक मोठें आणि बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या सैन्यानें घालून दिलें आहे. १९८४ सालीं झालेली पिस्तुलांची परीक्षा, तिचा निकाल, आणि निकालानंतर जें घडलें तें, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

प्रथम अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्यें काडतुसें एका फिरत्या चक्रांत बसविलेलीं असतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलांत तीं मुठीच्या पोकळींत बसणाऱ्या एका चपट्या डबींत रचलेलीं असतात; या डबीस मॅगझिन म्हणतात. गोळी सुटली म्हणजे तिच्याच धक्क्यानें पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग मागें सरकतो. यास स्लाइड असें नांव आहे. मागें जातांना तो रिकामें काडतूस बाहेर फेंकतो, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना नवें काडतूस नळींत लोटतो. एवढें सर्व आपोआप होतें. परंतु प्रत्येक गोळीकरितां चाप मात्र पुन्हां ओढावा लागतो. म्हणूनच तें पूर्ण स्वयंचलित नव्हे, अर्धेंच.

अमेरिकेच्या सैन्यानें १९११ सालीं जॉन ब्राउनिंग या कल्पक कारागिरानें योजिलेलें आणि कोल्ट कंपनीनें घडविलेलें पिस्तूल पसंत केलें होतें. त्या वेळीं शेवटची स्पर्धा कोल्ट व सॅव्हेज या दोन कारखान्यांत झाली. प्रत्येकाच्या पिस्तुलांतून ६,००० गोळ्या झाडण्यांत आल्या. कोल्ट एकदांही अडलें नाहीं. सॅव्हेज ३७ वेळां अडलें. निकाल इतका स्वच्छ लागला म्हणजे परीक्षकाच्या डोक्यास ताप राहत नाहीं. हें पिस्तूल पुढें सत्तर वर्षांहून अधिक काळ सैनिकांच्या कमरेस राहिलें. परंतु मधल्या काळांत निरनिराळ्या सैन्यदलांनीं आपापल्या आवडीनुसार दुसरींही हत्यारें जमविलीं. १९७८ च्या सुमारास चौकशी झाली तेव्हां पंचवीस प्रकारचीं पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें, आणि त्यांचीं शंभरांवर जातींचीं काडतुसें वापरांत असल्याचें आढळून आलें. एका घरांत पंचवीस जातींचीं कुलपें असलीं म्हणजे किल्ल्यांचा जो घोळ होतो तोच हा. तेव्हां सर्वांकरितां एकच पिस्तूल असावें, आणि तें नाटो राष्ट्रांत रूढ असलेलें ९ मिलिमीटरचें काडतूस झाडणारें असावें, असें ठरलें.

यापूर्वींच्या प्रयत्नांतून कांहीं निष्पन्न झालें नव्हतें. १९८४ च्या परीक्षेस आठ कारखान्यांनीं आपापलीं पिस्तुलें पाठविलीं. त्यांपैकीं दोघांनीं आपण होऊन माघार घेतली, चौघांस परीक्षकांनीं बाद ठरविलें, आणि शेवटीं दोनच उमेदवार उरले: इटलीचें बेरेटा आणि स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या सहकार्यांतून निघालेलें सिग-सावर.

दोन्ही घराणीं मोठीं. गार्दोने गांवच्या बेरेटा घराण्यांतील बार्तोलोमेओ यानें व्हेनिसच्या शस्त्रागारास बंदुकींच्या १८५ नळ्या पुरविल्याची नोंद १५२६ सालची आहे. म्हणजे ज्या वर्षीं आपल्याकडे पानिपतची पहिली लढाई झाली तेंच हें वर्ष. सिग ही संस्था १८५३ सालीं, ऱ्हाईन नदीच्या प्रसिद्ध धबधब्याजवळ, आगगाडीचे डबे बांधण्याकरितां निघाली आणि मग शस्त्रांकडे वळली; तिची भागीदार सावर ही जर्मन पेढी १७५१ सालची. सिग-सावर हें नांव आपल्या वृत्तपत्रांतूनही येऊन गेलें आहे, कारण तिच्या अमेरिकेंतील भगिनी-संस्थेकडे भारतीय सैन्यानें २०१९ सालीं ७२,४०० रायफलींची मागणी नोंदविली होती.

आतां पिस्तुलें पाहूं. दोहोंचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, दोहोंच्या मॅगझिनमध्यें काडतुसें पंधरा, दोहोंचें रिकामें वजन सुमारें साडेनऊशें ग्रॅम. दोहोंतही पहिल्या गोळीस चाप लांब व जड ओढावा लागतो आणि पुढच्या गोळ्यांस हलका. येथपर्यंत जुळीं भावंडें म्हणावींत इतकें साम्य. भेद आहेत ते आंतल्या रचनेचे. बेरेटाची स्लाइड वरून उघडी असते. त्यामुळें रिकामें काडतूस बाहेर पडण्यास ऐसपैस वाट मिळते, आणि नळी सरळ रेषेंतच मागेंपुढें होते. सिगची स्लाइड वरून बंद असून तिची नळी मागें येतांना किंचित खालीं कलते; ही ब्राउनिंगचीच जुनी युक्ति. बेरेटाच्या स्लाइडवर सुरक्षिततेची स्वतंत्र कळ असते, व ती लावलेली असल्यास गोळी झाडण्यापूर्वीं अंगठ्यानें सोडावी लागते. सिगला अशी कळ नाहीं. चढलेला घोडा निर्धोकपणें खालीं उतरविण्याची एक कळ तेवढी डाव्या बाजूस आहे. एकाचा भर हाताळतांना चूक होऊं नये यावर, दुसऱ्याचा भर आणीबाणीच्या क्षणीं विलंब होऊं नये यावर. यांत श्रेष्ठ कोणतें, हें वापरणाराचें शिक्षण व प्रसंग पाहिल्यावांचून कोणासही सांगतां येणार नाहीं.

आणि किंमत? सिगनें एका पिस्तुलास १७६ डॉलर ३३ सेंट मागितले. बेरेटानें १७८ डॉलर ५० सेंट. अंतर दोन डॉलर सतरा सेंटांचें. चौथ्या इयत्तेंतला मुलगाही सांगेल कीं, सिग स्वस्त. तीन लाख पिस्तुलें घ्यावयाचीं धरलीं, तर सिग घेतल्यानें साडेसहा लाख डॉलर वांचले असते. तथापि १९८५ च्या जानेवारींत निवड जाहीर झाली ती बेरेटाची! तीन लाखांहून अधिक पिस्तुलांचा, सुमारें साडेसात कोटी डॉलरांचा हा करार होता.

याचें कारण असें कीं, पिस्तूल हें एकटें विकत घेतां येत नाहीं. त्याबरोबर जादा मॅगझिनें लागतात, झिजणारे भाग बदलण्याकरितां सुटे भाग लागतात, आणि हा पुरवठा वर्षानुवर्षें चालू ठेवावा लागतो. या सर्वांची बेरीज केली तेव्हां बेरेटाचा एकूण हिशेब सिगपेक्षां सुमारें तीस लाख डॉलरांनीं कमी भरला. नगास महाग तें एकंदरींत स्वस्त ठरलें. गृहिणींस हें निराळें सांगावयास नको. शेगडी घेतांना ज्यांनीं तिच्या बर्नरची आणि दुरुस्तीची चौकशी केली नाहीं, त्यांस दुकानदाराच्या चिठ्ठीवरचा आंकडा पुढें किती फसवा ठरतो हें चांगलें ठाऊक आहे.

येथें गोष्ट संपली असती तर ती केवळ व्यवहाराची झाली असती. परंतु बाद झालेल्या चौघांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा स्मिथ अँड वेसन हा स्वदेशी कारखाना होता, आणि त्यानें न्यायालयांत दाद मागितली. त्याच्याविरुद्ध दोन आक्षेप होते. एक, पिस्तुलाचा सांगाडा अपेक्षित आयुष्य पुरें करीत नाहीं. आणि दुसरा, काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या स्फोटक टोपीवर आघात करणाऱ्या खिळीची शक्ति कमी पडते. न्यायालयानें सैन्याच्या बाजूनें निकाल दिला. परंतु पुढें सरकारच्याच हिशेब-तपासणी कार्यालयानें सर्व कागद तपासले, तेव्हां दुसऱ्या आक्षेपाच्या मुळाशीं एक चमत्कारिक गोष्ट निघाली. आघाताची मर्यादा मूळ मेट्रिक मापांत होती. ती अमेरिकन मापांत आणतांना दशांशानंतरचा आंकडा जवळच्या अंकापर्यंत वाढवून घेण्यांत आला होता, आणि उमेदवार कमी भरला तो या वाढविलेल्या मर्यादेस.

श्रोतेहो, वर्गांत मुलें नेहमीं विचारतात, "गुरुजी, दशांशाचें तिसरें स्थळ सोडलें तर काय बिघडतें?" काय बिघडतें तें येथें पाहावें. एका कारखान्यावर शेंकडों कामकऱ्यांचा चरितार्थ अवलंबून असतो, आणि ज्याच्या पुढें परीक्षेची मर्यादा ठेवावयाची, तो ती नेमकी ठेवली जाईल अशा विश्वासानेंच परीक्षेस बसतो. या वादाचा परिणाम असा झाला कीं, १९८८ सालीं पुन्हां परीक्षा घ्यावी लागली. तींतही बेरेटाच निवडलें गेलें. निकाल तोच राहिला. तरी त्या दुसऱ्या परीक्षेचा खर्च व्यर्थ गेला असें मी म्हणणार नाहीं. ज्या निकालाविषयीं शंका राहते, तो बरोबर असूनही पुरेसा होत नाहीं.

तथापि परीक्षेंत उत्तीर्ण होणें निराळें आणि संसारांत टिकणें निराळें. १९८७ सालापासून एक भयंकर प्रकार दृष्टोत्पत्तीस येऊं लागला. अमेरिकन आरमाराचीं विशेष पथकें सरावासाठीं एकेका पिस्तुलांतून हजारों गोळ्या झाडीत. अशा कांहीं बेरेटांची स्लाइड गोळी झाडतांना तुटली, आणि तिचा मागचा तुकडा उडून झाडणाराच्या चेहऱ्यावर आला. १९८८ च्या सरकारी अहवालांत अशा १४ स्लाइडींची नोंद आहे. त्यांपैकीं तीन प्रत्यक्ष वापरांत तुटल्या व माणसांस इजा झाली, आणि अकरा प्रयोगशाळेंत मुद्दाम तुटेपर्यंत वापरल्या गेल्या. दोष कोणाचा, याविषयीं वाद माजला. कोणी पोलादाकडे बोट दाखविलें, तर कोणी अधिक दाबाच्या काडतुसांकडे. परंतु वाद चालू असतांनाच एक शहाणपणाचा उपाय झाला. घोड्याच्या खिळीचें डोकें मोठें करून अशी रचना करण्यांत आली कीं, स्लाइड तुटली तरी ती मागें उडून येऊं नये. वस्तु तुटणारच नाहीं अशी हमी कोणताही कारखाना देऊं शकत नाहीं. ती तुटली असतां मनुष्यास अपाय होऊं नये, एवढी काळजी मात्र घेतां येते.

आरमाराच्या त्या पथकांनीं पुढें आपल्यापुरतें सिग-सावर पत्करलें. म्हणजे एकूण हिशेबांत मागें पडलेलें पिस्तूल त्यांनीं आपल्या अनुभवावर निवडलें. सैन्यानेंही कांहीं नेमणुकींवरील लोकांसाठीं सिगचेंच एक आटोपशीर पिस्तूल घेतलें, कारण बेरेटाची मूठ जाड, आणि लहान हाताच्या माणसास ती नीट कवळतां येत नसे. ९ मिलिमीटर, पंधरा काडतुसें, इतके ग्रॅम वजन, हे सर्व आंकडे कोष्टकांत मांडतां येतात. धरणाराचा हात केवढा आहे हें त्या कोष्टकांत नसतें. म्हणूनच की काय, २०१७ सालीं नव्या पिस्तुलाची निवड झाली तेव्हां निरनिराळ्या मापांच्या मुठी बसवितां येतील असें पिस्तूल मागविण्यांत आलें. या वेळीं सिग-सावरचा हिशेब सुमारें १६ कोटि ९५ लक्ष डॉलर व ग्लॉकचा सुमारें २७ कोटि २२ लक्ष डॉलर होता. अंतर एवढें मोठें कीं, ग्लॉकची तक्रार त्याच वर्षीं फेटाळली गेली. किंमतच जेव्हां बोलते तेव्हां परीक्षकाचें काम हलकें होतें, असें आरंभीं मीं म्हटलें तें यासाठींच.

मग १९८५ चा निर्णय चुकला काय? माझ्या मतें तो प्रश्नच नीट नाहीं. सर्व सैन्यास मिळून कमीत कमी खर्चांत कोणतें पुरवावें, असें विचारलें तर बेरेटा हें उत्तर बरोबर होतें. रोज शेंकडों गोळ्या झाडणाऱ्या थोड्या लोकांस कोणतें द्यावें, असें विचारलें तर उत्तर निराळें आलें. आणि लहान हाताच्या अधिकाऱ्यास कोणतें, असें विचारलें तर आणखी निराळें. प्रश्न बदलला कीं उत्तर बदलतें. ज्यानें आपला प्रश्न आधीं ठरविला नाहीं, त्यास किंमतीचा आंकडा पाहून कांहींच कळणार नाहीं.

आपल्यापैकीं बहुतेकांस पिस्तूल कधींही घ्यावें लागणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्याच पैशांतून शाळेचीं बांकें, रुग्णालयाचीं उपकरणें, नगरपालिकेचे पाण्याचे पंप घेतले जातात. तेथेंही टेंडरें उघडतात, किंमती जवळजवळ सारख्या निघतात, आणि कोणीतरी सर्वांत लहान आंकड्याखालीं रेघ ओढतो. अशा वेळीं सभासदांस व नागरिकांस विचारण्याजोगे प्रश्न चारच आहेत. सुट्या भागांसकट एकूण बेरीज किती? परीक्षेचीं मापें सर्वांस सारखीं व अचूक लावलीं काय? दीर्घ वापरानंतर वस्तु कशी टिकते, आणि मोडली तर कोणास लागते? आणि ती शेवटीं कोणाच्या हातीं जावयाची आहे? हे प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ असावें लागत नाहीं. थोडा धीर आणि थोडें अंकगणित पुरतें. आपल्या मुलांस आपण तेवढें तरी शिकवूं या.