शोकाच्या घरातला खडा



मी काही विद्वान नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेला सरकारी उपयंत्री आहे. दगडाशी माझा संबंध गिट्टी मोजण्यापुरता. तरी मंडळाने मला या विषयावर उभं केलं, कारण तो आता आपल्या घरांत शिरला आहे. घरात कोणी गेलं की पुण्याची नाहीतर बंगळुरूची मुलगी आईसाठी गुलाबी किंवा जांभळा स्फटिक मागवते. रोझ क्वार्ट्झ, अमेथिस्ट अशी नावं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, उशाशी ठेवा, हा दगड दुःख ओढून घेतो.

आधी दगडाचं बोलू, ते मला सोपं आहे. पांढुर्ण्याच्या बाजूला आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. सौंसरकडे गेलात की संगमरवर आणि मँगनीज. त्या खडकांना भूगर्भशास्त्रात सौंसरचंच नाव आहे. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरी चमकदार गार सापडते ना, ती आणि दुकानातला क्वार्ट्झ एकाच जातीचे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन. नदीच्या रेतीतही मुख्यतः तेच. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या घासून आपण आतला उजेड पाहिलेला आहे, तेव्हा कोणी त्याला शक्ती म्हटलं नाही. हातात घेतल्यावर स्फटिक गार लागतो, कारण तो लाकडापेक्षा कितीतरी लवकर हाताची उष्णता ओढतो. थोड्या वेळाने कोमट होतो. ती ऊब आपल्याच तळहाताची असते.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या क्रिस्टोफर फ्रेंच या मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास ८० जणांवर एक प्रयोग केला. काहींच्या हातात खरे स्फटिक दिले, काहींच्या हातात नकली. ज्यांना आधी सांगितलं होतं की असं असं जाणवेल, त्यांना ते जास्त जाणवलं. खऱ्या-खोट्याने फरक पडला नाही. म्हणून दुकानदार दुःखाचा इलाज म्हणून पाच हजारांचा दगड दाखवू लागला, तर उठून यावं. एवढं माझं मत स्पष्ट आहे.

पण विषय इथे संपत नाही. आपल्याकडे दगड म्हटला की आधी गोटमार डोळ्यांपुढे येते. पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदीचं पात्र, मधोमध पळसाचं झाड आणि झेंडा, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. प्रेमी जोडप्याची ती कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या गोट्यांनी माणसं गेली आहेत, आणि त्या घरांत थोड्याच दिवसांत गणपती बसतो तेव्हा काय होत असेल ते मी इथे बोलत नाही.

दुसराही एक दगड आपल्या ओळखीचा आहे. जीवखडा. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरताना ज्या खड्याने त्याला भोक पाडतात, तोच पुढे दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी असतो. त्याच्यावर तिलांजली द्यायची, पिंड ठेवायचा, तो हरवू नये म्हणून जिवापाड जपायचा. दहाव्याला कावळा शिवला की तो पाण्यात सोडायचा. ज्या घरांत ही रीत आहे, तिथे खड्याची किंमत कोणी विचारत नाही. वाटेवरचा कुठलाही चालतो. मला त्यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, हाताला काम मिळतं. दुसरी, तो खडा कधी सोडायचा याची तारीख आधीच ठरलेली असते, आणि त्या दिवशी चार माणसं सोबत येतात.

आमच्या घरचं सांगतो. मे २०२१ मध्ये माझा मोठा भाऊ नागपूरच्या एका दवाखान्यात गेला. त्या दिवसांत कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मडकं नाही, खडा नाही, दहावं नाही, तेरवी नाही. आम्ही घाटाच्या फाटकाबाहेर उभे. पुतणीने पुढे वहिनीसाठी गुलाबी स्फटिक मागवला. वहिनी रात्री तो मुठीत धरून झोपू लागली. आईला ते अजिबात पटलं नाही. "हे काय थोतांड? माणूस गेला तो दगडात येतो का?" म्हणाली. मी आईला एवढंच विचारलं, "बाबांच्या वेळी जीवखडा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात तूच रोज पाहून येत होतीस ना?" आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो दहा दिवसांनी सोडला होता."

आईचं म्हणणं बरोबर आहे, आणि वहिनीचा खडा तिच्या हातातून कोणी हिसकावून घेऊ नये हेही बरोबर आहे.

हे नवीन नाही, एवढं आणखी सांगतो. काटोल रस्त्याला नागपूरजवळ माहुरझरी आहे. तिथे दगडांच्या वर्तुळांतली अडीच हजार वर्षांहून जुनी दफनं आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. मृतांसोबत लोखंडाची हत्यारं, घोड्यांचे दागिने आणि अकीकाचे लाल मणी मिळाले. माहुरझरी मण्यांच्या कारागिरीचं गावही होतं. कोणीतरी तासन्‌तास घासून केलेला मणी आपल्या माणसाजवळ ठेवून परत आलं. तो मणी मातीतच राहू दिला.

आता मंडळाला एक विनंती. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो. २०२० आणि २०२१ ला ज्यांच्याकडे दहावं झालं नाही, अशी घरं आपल्या प्रत्येकाच्या मोहल्ल्यात आहेत. त्यांची यादी करायची गरज नाही, आपल्याला ती ठाऊक आहेत. सर्वपित्रीच्या आधी एकदा जाऊन या. फराळाचं काही नेऊ नका, सल्ला तर मुळीच नको. कोनाड्यात स्फटिक दिसला तर तो कुठून आणला, केवढ्याला पडला, हे विचारू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि त्याची एखादी गोष्ट सांगा. कोणी खडा नदीला सोडायचा म्हणालं, तर सोबत जा.

वहिनीने अजून सोडलेला नाही. आम्ही विचारत नाही.