जामीन मंजूर, कैदी आतच



थेट विषयाला हात घालतो. जेवणाची वेळ जवळ आली की वकिलाचा युक्तिवाद वकीलही ऐकत नाहीत, हे मी जाणून आहे.

मोफत विधी साहाय्याचा कायदा घडवणारे तीन निकाल आपल्याला पाठ असतात, पण त्या तिन्ही प्रकरणांत समोरच्या बाजूला महाराष्ट्र राज्य होते, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १९७८ चा हॉसकोट निकाल घ्या. विद्यापीठाची बनावट पदवी प्रमाणपत्रे बनवण्याच्या प्रयत्नाबद्दल एका प्राध्यापकाला शिक्षा झाली होती. माणूस काही अडाणी नव्हता. तरी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळालीच पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो दिला पाहिजे. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून निकाल झाला. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या स्त्री कैद्यांना भेटून त्यांनी कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, हा आदेश त्यातून आला. आणि २०१२ मध्ये, ज्याच्यासाठी उभे राहायला वकील मिळणे कठीण झाले होते त्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलात न्यायालय म्हणाले की, दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्यांदा उभे करतात त्या क्षणापासून आरोपीचा वकिलावर हक्क आहे. दंडाधिकाऱ्याने तो सांगितला नाही, तर त्याची खातेनिहाय चौकशी होऊ शकते.

म्हणजे हक्काला तोटा नाही. अनुच्छेद ३९ क १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. मधली आठ वर्षे गरिबाने काय करायचे, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे तर याची सुरुवात फारच जुनी. मुंबईत लीगल एड सोसायटी १९२४ मध्ये निघाली, आणि १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. पुढे याच विषयाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते न्यायमूर्ती पी. एन. भगवती त्यांचे चिरंजीव.

तोटा आहे तो पैशाचा. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालानुसार देशात पोलिसांवर माणशी वर्षाला सुमारे १,२७५ रुपये खर्च होतात, न्यायव्यवस्थेवर १८२ आणि विधी साहाय्यावर सुमारे ६. कोर्टाच्या आवारातला कटिंग चहा आता त्याहून महाग आहे. पकडणाऱ्यावर आणि बचाव करणाऱ्यावर होणाऱ्या खर्चात एवढी तफावत असेल, तर दोन बाजूंचा सामना बरोबरीचा आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आपल्या अशिलांचे म्हणणे यापेक्षा रोखठोक असते. 'फुकटचा वकील काय कामाचा?' आई मंगळसूत्र गहाण टाकते, पण विधी सेवेच्या पॅनेलवरचा मोफत वकील नको म्हणते. यात तिचे अज्ञान कमी आणि अनुभव जास्त आहे. पॅनेलवरच्या तरुण वकिलाला प्रकरणामागे जी फी मिळते, त्यात त्याच्या येण्याजाण्याचा आणि झेरॉक्सचा खर्च जेमतेम निघतो, आणि बिल मंजूर होऊन हातात पडेपर्यंत आरोपी कधीकधी शिक्षा भोगून बाहेर आलेला असतो. मग तो वकील तारखेला हजर राहतो, पण अशिलाला तुरुंगात जाऊन भेटत नाही. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत आणली, ती मला मनापासून योग्य वाटते. एकच काम करणारा, रोज कोर्टात असणारा वकील हवाच होता. परंतु त्यालाही आपण कंत्राटावर आणि मानधनावर ठेवले आहे, खासगी वकिली करायची नाही ही अट घालून. समोरच्या सहायक सरकारी अभियोक्त्याला वेतनश्रेणी आहे, निवृत्तीची तरतूद आहे. हॉसकोट निकालाने स्पष्ट सांगितले होते की, नेमलेल्या वकिलाचे पैसे खटला चालवणाऱ्या राज्याने द्यावेत आणि रक्कम न्यायालयाने न्याय्य वाटेल ती ठरवावी. तेव्हा माझी मागणी नवी नाही. फिर्यादीच्या वकिलाला जे मिळते, ते बचावाच्या वकिलाला मिळावे.

हे औदार्य म्हणून मागत नाही. १९८६ च्या सुक दास प्रकरणात, आरोपीला मोफत वकिलाचा हक्क सांगितलाच नव्हता एवढ्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. बचावाचा वकील नसेल तर सरकारने जिंकलेला खटलाही टिकत नाही. दानधर्माच्या खात्यातून कोणी इमारतीचा पाया घालत नसते.

आता जामिनाकडे येतो, कारण आपल्या देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. मोतीराम नावाच्या गवंड्याचा १९७८ चा निकाल मध्य प्रदेशातला. त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालला नाही. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिले. मित्रहो, साखर कारखान्याच्या फडावर बीडहून आलेल्या ऊसतोड कामगाराचा सातबारा कोणत्या जिल्ह्यात असतो? आणि असतो का? जामीन मंजूर होतो, आदेश तुरुंगात पोहोचतो, आणि ऐपतदार जामीनदार नाही म्हणून माणूस आतच राहतो. २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४० हजार रुपयांपर्यंत सरकार भरेल असे ठरले. चांगली गोष्ट. मात्र आदेशात रोख रकमेऐवजी ऐपतीचा दाखला असलेला माणूसच मागितलेला असेल, तर ते पैसे नुसते पडून राहतात. आपण जामिनाचा अर्ज करतानाच रोख जामिनाची आणि जातमुचलक्याची पर्यायी विनंती लिहिली, तर अर्धे काम तिथेच होते. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, इतकेच.

एक गोष्ट मुद्दाम बोलतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, कोठडीतली माणसे यांना उत्पन्नाची अट नाही. विमुक्त आणि भटक्या जमातींचे नाव त्या यादीत नाही. कैकाडी समाज विदर्भात बहुतांशी अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे घर पाडले म्हणून दाद मागायला आलेला कैकाडी पुरुष यवतमाळला असला तर जातीचा दाखला पुरतो, सोलापूरला असला तर उत्पन्न तीन लाखांच्या आत असल्याचे सिद्ध करावे लागते. ज्याच्याकडे राहण्याचा पत्ताच नाही, त्याने तहसील कार्यालयातून तो दाखला आणायचा! त्याच माणसाला पोलिसांनी उचलले, की मात्र तो कोठडीत असल्यामुळे लगेच पात्र ठरतो. फिर्यादी म्हणून नाही, आरोपी म्हणून मदत मिळेल, असा याचा अर्थ होतो.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. तिथे तंटे मिटतात, कोर्ट फी परत मिळते, मोटार अपघाताचे पैसे लवकर हाती येतात. मी तिच्या विरोधात नाही. फक्त बँकांची दाखलपूर्व वसुली आणि वाहतुकीची चलने निकाली काढलेल्या आकड्यांत जमा करून आपण त्याला गरिबाला मिळालेला न्याय म्हणू नये.

दुपारच्या सत्रात दोन ठराव येतील: बचाव वकिलांना अभियोक्त्यांइतके वेतन, आणि कलम १२ मध्ये विमुक्त-भटक्यांचा समावेश. ते एकमताने मंजूर होतील याची मला खात्री आहे, ठराव मंजूर करण्यात आपण पटाईत आहोत. माझी विनंती त्यापुढची आहे. वीस वर्षांहून जास्त वकिली झालेल्या प्रत्येकाने आपल्या तालुका विधी सेवा समितीकडे पॅनेलसाठी नाव द्यावे आणि महिन्यातून एक दिवस रिमांडच्या कोर्टात उभे राहावे. अर्जाचे कोरे नमुने सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवले आहेत. जेवायला जाताना एकेक भरून द्या.