पाण्याचे पासबुक

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटन समारंभात केलेले भाषण)



आयोजकांनी मला "जुन्या आठवणी सांगा" म्हणून उभे केले आहे. पंचवीस वर्षांच्या आठवणी पुष्कळ आहेत. पण मी बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस. आठवणींपेक्षा हिशेबात मला जास्त गती. म्हणून आज थोडा हिशेब सांगतो, पाण्याचा. घाबरू नका, जेवणाची वेळ मला माहीत आहे.

आपल्या कर्जतला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे मुलांनी शाळेत शिकलेले असेल. आपली गच्ची साधारण ६०० चौरस मीटर. म्हणजे एका पावसाळ्यात आपल्या डोक्यावर १८ लाख लिटर पाणी पडते. त्यातले वीस टक्के उडून, सांडून गेले असे धरले तरी १४ लाख ४० हजार लिटर उरतात. दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब लावला तर १४४ टँकर. आणि आपण हे सगळे पाणी पाइपातून थेट गटारात सोडतो. मग मे महिन्यात टँकरवाल्याला फोन करतो. बँकेत एखाद्या खातेदाराने असा व्यवहार केला असता, तर मी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला असता आणि समजावले असते.

आता कोणी म्हणेल, आपल्याला तर नळाचे पाणी आहे, पेज नदी बारमाही आहे. आहे ना! पण ती बारमाही का आहे? मावळात, घाटमाथ्यावर, ठोकरवाडीचे धरण आहे. तिथे साठवलेले पावसाळ्याचे पाणी भिवपुरीच्या वीजघरात उतरते आणि तिथून पेजेला मिळते. हे वीजघर १९२२ पासून चालू आहे. त्याच पाण्यावर राजनाला कालव्याची उन्हाळी भातशेती होते. तिकडे खोपोलीत वीजघर १९१५ चे. त्याचे पाणी पाताळगंगेत येते, म्हणून पाताळगंगा उन्हाळ्यात वाहते. खालापूर तालुक्यातलेच मोरबे धरण बघा. ते नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. पाऊस खालापुरात पडतो, नळ नवी मुंबईत वाहतात. यात मला तक्रार करायची नाही. एवढेच सांगायचे आहे की उन्हाळ्यात पाणी त्यालाच मिळते, ज्याने पावसाळ्यात ते साठवले.

सरकारने काय केले, असे आपण नेहमी विचारतो. कायदे केले आहेत. २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. नदी-धरणातून पाणी उचलणाऱ्या कारखान्यांना, नगरपालिकांना घाऊक पाण्याचे दर हे प्राधिकरण ठरवते, आणि ते पाणी मोजून द्यायचे असते. भूजलाचा २००९ चा अधिनियम २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. तेव्हा "काका, अजून खोल बोअर मारू या" म्हणणाऱ्या तरुण मित्रांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय आपल्याखाली काळा पाषाण आहे. खोल गेले की पाणी लागेलच, याची हमी कोणी देत नाही. पैसे मात्र नक्की खोल जातात.

डिसेंबर २०२० मध्ये एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. ते केले नाही, किंवा करून नीट राखले नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. "राखले नाही तर" हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. परवानगीसाठी खड्डा खणायचा आणि नंतर त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे, असे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आपली इमारत जुनी. हा नियम तेव्हा नव्हता. पण आपल्याकडे त्या नियमापेक्षा मोठी वस्तू होती, आणि तिचे आपण काय केले हे आज मला सांगायचे आहे.

गेटच्या डाव्या हाताला, जिथे आज दोन गाड्या उभ्या राहतात, तिथे विहीर होती. मूळ शेतकऱ्याची, दगडाने बांधलेली. पहिली काही वर्षे आपण तिचे पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरत होतो. मग डासांचा त्रास झाला, लहान मुलांची भीती वाटू लागली आणि गाड्या वाढल्या. सोसायटीच्या दहाव्या वर्षी तिच्यावर स्लॅब टाकला. त्या वेळी सेक्रेटरी मी होतो. ठराव माझ्या अक्षरात आहे, "सर्वानुमते मंजूर". विरोधात एकच आवाज होता, तळमजल्यावरच्या आजींचा. "विहीर बुजवू नये रे बाबांनो" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. मी तर त्यांचे म्हणणे मिनिट्समध्ये लिहिलेही नाही. आज त्या हयात नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सकाळी फिरायला जरा लांब गेलो. एका वाडीच्या अलीकडे शेतातल्या विहिरीवर टँकर भरत होता. आपल्याकडे येतो तोच. बाजूला सात-आठ बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. मोटर बंद झाल्यावर उरेल ते पाणी त्यांचे. त्यातल्या एकीने मला विचारले, "बाबा, तुमच्याकडं पाऊस नाय का पडत?"

खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी आंघोळीची बादली भरताना हात थांबला.

आता उपायांकडे येतो. आपल्या चाळीस घरांत सुमारे १६० माणसे. पाइपाने पाणी आणि भुयारी गटार असलेल्या शहरांना सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे. आपण किती वापरतो? कोणालाच माहीत नाही, कारण आपण मोजतच नाही. सरकार नदीवर मोजते, पण ते माप आपल्या नळापर्यंत पोचत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटली जाते. म्हणजे जपून वापरणाऱ्या जोशीकाकूंना आणि गॅलरी रोज पाइपाने धुणाऱ्याला बिल सारखेच. (जोशीकाकू काल्पनिक आहेत, कोणी अंगावर घेऊ नये.) बचत करणाऱ्याला व्याज नाही आणि उधळणाऱ्याला दंड नाही, अशी बँक कशी चालेल?

घरोघरी मीटर लगेच बसणार नाहीत. जुन्या इमारतीत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांचे पाइप वेगवेगळे उतरतात, एका घराला तीन मीटर लागतील. म्हणून सुरुवात वरच्या टाकीला एक मीटर बसवून करू. दर रविवारी आकडा फलकावर लिहू. ते आपले पासबुक. लिहिण्याचे काम मी करीन, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, दिसते चांगले.

दुसरे, गळणारे नळ आणि टाकीचा बॉलकॉक. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी दहा लिटर सोडतात. दोन बटणांच्या टाकीत तीन किंवा सहा लिटरमध्ये काम होते.

तिसरे, ती विहीर उघडायची. गाळ काढायचा, वर मजबूत लोखंडी जाळी आणि डासांसाठी बारीक जाळी लावायची, आणि गच्चीचे पाइप वाळू-खडीच्या गाळणीतून तिच्यात सोडायचे. सगळे पाणी मे महिन्यात परत मिळेल असे खोटे आश्वासन मी देत नाही. मुरलेले पाणी उताराने पुढेही जाते. गेले तर जाऊ दे, खाली कोणाची तरी विहीर असेलच.

यात दोन गाड्यांची जागा जाणार. त्यातली एक माझ्या मुलाची. त्याच्याशी माझे बोलणे झाले आहे. तो नाराज आहे, पण तयार आहे. दुसऱ्या गाडीच्या मालकांना आज सगळ्यांसमोर काही विचारत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडणार आहे. त्याला विरोध झाला तर होऊ द्या. या वेळी विरोधातला प्रत्येक शब्द मिनिट्समध्ये लिहिला जाईल, हे मी पाहीन.



जय हिंद, जय महाराष्ट्र!